गोलोबाचे दोन तास

आमच्या गल्लीत विमानाची तिकिटं काढून देणारा एक माणूस आहे. टेबलावर पृथ्वीचा गोल आणि पोटही त्याच घाटाचं, म्हणून सगळे त्याला गोलोबा म्हणतात. स्वतः कधी विमानात बसला नाही; स्टुलावर चढला तरी गरगरतं त्याला. पण कुठला विमानतळ किती लांब, ते त्यालाच विचारावं. तांबडा दोरा गोलावर इथून तिथवर ताणायचा, पट्टीला लावायचा आणि तास सांगायचे. समोर कॉम्प्युटर असतो, तरी लोक म्हणतात, दोरा लाव.

समोरच्या घरातली शिवणकाम करणारी म्हातारी अंथरुणाला खिळली, तेव्हा तिची लेक तेरा हजार किलोमीटरवर होती. मिळेल ते विमान धरलंय, आता बसतेच, असा तिचा फोन आला. डॉक्टर आदल्या दिवशीच मान हलवून गेलेले. म्हातारीनं गोलोबाला बोलावून घेतलं आणि कुठवर तग धरायचा, एवढंच विचारलं. त्यानं दोरा लावला. साडेचौदा तास, पुढचा रस्ता धरून लेक दिवेलागणीला दारात.

म्हातारीनं डोळे मिटले आणि ओठ हलवत ती कुणाशी तरी बोलली. बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करावी तशी, असं सून सांगते.

मग तिनं पाणी मागितलं नाही की कूस बदलली नाही. कोपऱ्यातल्या शिलाई मशीनचं चाक तेवढं तिच्या श्वासागणिक बोटभर सरकत होतं. सुनेनं पट्टा काढून ठेवला. तरी सरकत होतं.

दिवस कलला तसं गोलोबानं कॉम्प्युटरवर विमान कुठवर आलं ते पाहिलं. दोन तास मागं होतं. दोऱ्याला जाणं-येणं कळत नाही. तिकडं जाताना वारा पाठीशी असतो, येताना तोंडावर बसतो. हे तो रोज लोकांना सांगे. पण म्हातारी आजवर लेक जायला निघाली की तास विचारायची, आणि तेच त्याच्या जिभेवर बसले होते.

तो पोट सांभाळत धावला. दिवे लागत होते. चाक अडखळायला लागलं होतं.

"मावशी, चुकलो मी. अजून दोन तास लागतील."

"तू सांगितलेस तेवढेच मागून घेतले रे," म्हातारी डोळे न उघडता म्हणाली. "आता परत कुठल्या तोंडानं मागू?"

गोलोबानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"तुझ्यातले दे."

सून त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं स्टूल ओढलं आणि टेकला.

"घे."

सुनेनं त्याच्या हातात चहाचा कप दिला, एवढं त्याला आठवतं. पुढच्या क्षणी पाहतो तर चहावर साय धरलेली, चाक थांबलेलं, आणि लेक आईच्या उशाशी बॅग न उतरवता बसलेली. भेट झाली होती. दोघी पोटभर बोलल्या, म्हणे. गोलोबा तिथंच होता, उघड्या डोळ्यांनी. हलवलं तरी ओ देत नव्हता.

दोन तास दिले, विषय मिटला, असं त्याला वाटलं होतं. पण किती दिवसांचे, ते बोलण्यात ठरलं नव्हतं. आता रोज दिवेलागणीला तो दुकानात बसल्या जागी थिजतो. गिऱ्हाईक दारातूनच मागं फिरतं. बायको कपावर बशी झाकते आणि म्हणते, "बसा जरा. मावशीला लागलेत."

आणि समोरच्या बंद खोलीत चाक सरकतं.