वाळवण आणि वाळवंट

तमाम पापड, कुरडया व सांडगे यांच्या मालकिणींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की विश्रांतवाडीतल्या एका तीनमजली इमारतीच्या गच्चीवर बऱ्याच वर्षांपूर्वी लष्कराने तळ ठोकला होता. त्यासाठी सोसायटीची परवानगी घेतलेली नव्हती. रणगाडे पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभे होते आणि सरसेनापती, म्हणजे मी, लेंगा-बनियनवर तापलेल्या फरशीवर पालथा पडलेला होता. ही बाब आजवर संरक्षण खात्यापासून लपवून ठेवली. आता माझी पन्नाशी उलटली, त्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला, तेव्हा सांगून टाकायला हरकत नाही.

मी तेव्हा तिशीतला होतो आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करत होतो. दोन हजार साल उजाडल्यावर जगातले संगणक गांगरू नयेत, म्हणून आम्ही दिवसभर जुन्या प्रोग्रॅममधलं दोन आकडी साल चार आकडी करत बसायचो. कंपनीतला जो तो परदेशी जाऊन येई. येताना कोणी अत्तर आणी, कोणी चॉकलेटं. मला काय आणू विचारलं की मी सांगायचो, प्लास्टिकचा रणगाडा. सुटे भाग, घरी चिकटवायचे, रंगवायचे, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढे. बायको म्हणायची, "अरे, माणसं परदेशातून प्रगती आणतात, तू युद्ध आणतोस."

पण चिकटवणं हा निम्माच खेळ. खरी गंमत फोटोत. करंगळीएवढा सैनिक फोटोत खराखुरा दिसायला हवा, यासाठी जी लबाडी करावी लागते तिच्यासारखं सुख मला नोकरीने कधी दिलं नाही. कॅमेरा त्या सैनिकाच्या छातीच्या उंचीला आणायचा. उभ्याने फोटो काढला की तो आकाशातून काढल्यासारखा येतो आणि सगळं बिंग फुटतं. म्हणून पालथं पडायचं. दिवा चालत नाही, दिव्याच्या सावल्या फाकतात, सूर्यच लागतो. भिंगामागचं भोक अगदी बारीक करायचं, म्हणजे पुढचं चाक आणि मागची टेकडी दोन्ही स्वच्छ येतात. भोक बारीक केलं की उजेड आत यायला वेळ लागतो, तेवढा वेळ श्वास धरून पडून राहायचं.

एकदा आमच्या फोटो लॅबवाल्याने पाकीट हातात देताना आजूबाजूला पाहिलं आणि काउंटरवर वाकून विचारलं, "साहेब, इथं लष्करी हद्द आहे. असल्या फोटोंना परवानगी आहे ना?"

मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "वरून आहे."

खोटं नव्हतं. गच्ची वरच होती.

आमच्या खाली, तळमजल्यावर, एक काकू राहायच्या. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, पन्नाशीला टेकलेल्या, एकट्या. गच्चीच्या दारावर एका सकाळी फळ्यावरच्या अक्षरात पाटी लागली होती: 'येथे युद्ध सुरू आहे. पापड आपापल्या जबाबदारीवर वाळवावेत.' ती त्यांनीच लावलेली.

काकूंचे यजमान लष्करात होते आणि एकाहत्तरच्या लढाईत, ऐन पंचविशीत, राजस्थानच्या सरहद्दीवर गेले. लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, आणि त्यातला एकत्र संसार म्हणजे दोन रजा. अंत्यसंस्कार तिकडेच झाले. माणूस परत आला नाही, त्याची काळी ट्रंक आली. इमारतीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी विचारत नव्हतं. यजमानांचं नाव काकूंनी आयुष्यात उखाण्यातच काय ते घेतलं असेल. एरवी 'हे'. माझी बायको मला 'अरे' म्हणते हे कळल्यावर त्यांनी तिला जिन्यात थांबवलं होतं.

"नवऱ्याला अरे म्हणतेस?"

"मग काय म्हणू, काकू?"

"काही म्हणू नये. खाकरावं."

तर एका उन्हाळ्यात त्या कुरडया उलटायला वर आल्या आणि मी पालथा दिसलो.

"पडलास का रे?"

"नाही काकू, फोटो काढतोय."

"पडून?"

मी आधीच्या रोलमधला एक फोटो त्यांना दाखवला. रेतीत रुतलेला रणगाडा, मागे मोकळं आभाळ. त्यांनी तो हातभर लांब धरला, मग जवळ आणला.

"हे राजस्थान?"

"नाही हो. ही आपली टाकी. आणि ही रेती आहे ना, तो तुमच्या कुरडयांचा कोपरा."

त्यांनी एकदा फोटोकडे आणि एकदा कोपऱ्याकडे पाहिलं, आणि फोटो घेऊन खाली गेल्या. कुरडया तशाच राहिल्या. माझ्या बायकोने उलटल्या.

पुढच्या रविवारी त्या आमच्याकडे आल्या. पाणीही न घेता बोलायला लागल्या, वर्गात धडा सुरू करावा तशा.

"यांच्या बरोबरचे एक जण नंतर भेटायला आले होते. म्हणाले, वहिनी, सगळी रेती होती, एकच झाड होतं, ट्रक झाडाशी उभा होता. आता मी वाळवंट कुठे बघितलंय? तेव्हा मी कात्रजच्या पलीकडे गेलेली नव्हते. त्यांनी सांगितलं आणि माझ्या डोळ्यांपुढे कात्रजचा घाट आला. तो काही हलेना. इतकी वर्षं हे मला घाटातच दिसतात, पाठमोरे. मला यांना त्या जागी उभं बघायचंय. एकदाच. पडलेले नकोत. उभे. तुझ्या खेळात बसेल का हे?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी "बघतो" म्हणालो.

पण तो 'खेळ' शब्द माझ्या डोक्यातून जाईना. रणगाड्याचा फोटो फसला तर लोक हसतात, मीही हसतो. हा फसला, प्लास्टिक दिसलं, रंगाचा फटकारा दिसला, तर या बाईच्या नवऱ्याचं खेळणं होणार होतं, आणि ते करणारा मी असणार होतो. घाटात पाठमोरा का होईना, तिच्यापाशी एक माणूस होता. तोही गेला असता.

मला ट्रकचं मॉडेल मिळालं. दुसऱ्याच देशाचा ट्रक होता, त्याचं नाक कापून आणि हूड बदलून तो आपल्याकडचा केला. रेतीने मात्र दमवलं. आसपास जिकडेतिकडे इमारती उठत होत्या, त्यामुळे वाळूला तोटा नव्हता. पण बांधकामाच्या वाळूचा कण त्या सैनिकापुढे नारळाएवढा दिसतो. चहाच्या गाळणीने चाळली तरी नारळाची लिंबं होतात, एवढाच फरक. शेवटी काकूंनी रांगोळीचा डबा आणून दिला. रांगोळीत थोडी माती, चिमूटभर हळद. झाडही त्यांच्याकडचंच. त्यांच्या वृंदावनातली तुळस त्या वर्षी वाळून गेली होती. तिची काष्ठासारखी फांदी मातीत रोवली आणि वाळवंटात झाड उभं राहिलं.

"कसे उभे राहायचे ते?" मी विचारलं.

हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा.

"स्वारगेटला सोडायला गेले होते मी. एसटी लागायची होती. तर एक पाय ट्रंकेवर ठेवून उभे. माझे सासरे समोर, तरी पाय खाली घेतला नाही."

मग त्यांनी ट्रंक दाखवली. आता तीत गोधड्या होत्या. त्यांच्याच शाळेच्या फूटपट्टीने मी ती मोजली, पस्तिसाने भागलं आणि जाड कागदाची एक काळी ट्रंक केली, काड्यापेटीच्या निम्मी. लढाईवर ट्रंक ट्रकपाशी कशाला असेल, अशी शंका मी काढली.

"तू होतास तिथं?" काकू म्हणाल्या.

ट्रंक राहिली.

आता घोटाळ्याकडे येतो. हा घोटाळा दिवाळीत किल्ले केलेल्या माणसांखेरीज कोणाच्या हातून होणार नाही. किल्ल्यावर मापं नसतात, मान असतो. पायथ्याचा मावळा बोटाएवढा, आणि वर सिंहासनावर महाराज दरवाजापेक्षा उंच. दरवाजातून ते आत कसे गेले, असं कोणी विचारत नाही. अळिवाचं गवत मावळ्याच्या डोक्यावरून जातं, महाराजांच्या गुडघ्याशी थांबतं. मीही तसेच किल्ले केले होते आणि काकूही दरवर्षी शाळेत मुलांकडून करून घ्यायच्या. त्यामुळे त्या जेव्हा म्हणाल्या, "यांना जरा मोठं घे. ट्रकमध्ये हरवायला नकोत," तेव्हा मला ते अगदी बरोबर वाटलं. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ते करंगळीएवढे कसे चालतील? मी कपाटातून मोठ्या मापाचा एक सैनिक काढला, गुडघ्यात कापून, तापवून वाकवला आणि त्याचा पाय ट्रंकेवर ठेवला. ट्रंकही त्याला शोभेल अशी थोरली, दुसरी केली. गच्चीवर सगळं छान दिसलं. रोल धुऊन आला.

काकूंनी फोटो पाहिला आणि टेबलावर उपडा ठेवला.

"किल्ला झालाय," त्या म्हणाल्या.

खरंच झाला होता. ट्रकच्या टपावरून डोकं वर आलेलं, झाड कमरेला. भिंगाला मान कळत नाही. त्याला दूरचं आणि जवळचं तेवढं कळतं.

"मीच सांगितलं होतं, मोठं कर म्हणून."

"हो, काकू."

"आयुष्यात पहिल्यांदा शिक्षिकेचं ऐकलंस, आणि तेही चुकीचं." मग त्या उठल्या, ओट्यापाशी जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. "मापात कर. जेवढे होते तेवढे."

मी नवा सैनिक घेतला, ट्रकच्या मापाचा. त्याचा परदेशी जबडा तासला. काकूंकडच्या लग्नाच्या फोटोत मुंडावळ्यांच्या मागे कान जरा बाहेर आलेले दिसत होते, तेवढे केले. बाकी चेहरा टोपीच्या सावलीत सोडला. एवढ्याशा चेहऱ्यावर आपण जितकं रंगवू तितकं खोटं होत जातं. पाय त्या पहिल्या, काड्यापेटीच्या निम्म्या ट्रंकेवर.

फोटोच्या दिवशी ऊन कलतं होतं. गच्चीवर आम्ही तिघं. एवढ्या महिन्यांत मागे दिघीच्या बाजूला एका उंच इमारतीचा सांगाडा उठला होता, आणि वाळवंटात क्रेन दिसून चालणार नव्हती. मी रांगोळीची मूठभर टेकडी थोडी डावीकडे सारली आणि कॅमेरा आणखी खाली नेला. सगळे मजले क्रेनसकट त्या टेकडीमागे गेले. एरवी मी या लबाडीवर टाळी मागितली असती. त्या दिवशी मागावीशी वाटली नाही.

वारा सुटला होता. वाऱ्याने रांगोळी उडायला लागली, झाड हलायला लागलं. माझी बायको एका बाजूने चादर धरून उभी राहिली. दुसऱ्या बाजूला काकू बसल्या आणि दोन्ही हातांनी पदर पसरून त्यांनी वारा अडवला. मी पालथा पडलो. भिंगातून पाहिलं तर गच्ची नव्हतीच. रेती, एक झाड, ट्रक, आणि ट्रंकेवर पाय ठेवून कोणी तरी एसटीची वाट बघत असल्यासारखा उभा. मी श्वास धरला. बटण दाबल्यावर काही क्षण उजेड आत जात राहिला, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की त्या दोघींनीही श्वास धरलाय.

मोठा फोटो करून आणायला लॅबवाल्याने चार-पाच दिवस लावले. पाकीट देताना या वेळी त्याने परवानगी विचारली नाही. म्हणाला, "घरचं कोणी का?"

मी "हो" म्हणालो.

संध्याकाळी आम्ही दोघं खाली गेलो. काकूंनी हात धुतले, पदराला पुसले, चष्मा लावला आणि ट्रंकेवर बसल्या. मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला नाही, जवळही घेतला नाही. मांडीवर ठेवला आणि खाली बघत राहिल्या. बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. किक, पुन्हा किक. त्यांच्या चेहऱ्यावर मला काही वाचता येईना. मला वाटलं, पुन्हा चुकलं. या वेळी ते ट्रकपुढे फारच लहान वाटले असणार. मी घाईघाईने बोलायला लागलो, की काकू, या वेळी सगळं मापात आहे, ट्रक खरोखरच एवढा उंच असतो, त्याच्या शेजारी माणूस एवढाच दिसतो...

त्यांनी वर न बघता हात वर केला. वर्ग गप्प करायचा तो हात.

त्यांचं बोट फोटोवरून हळूहळू सरकत गेलं, झाडावरून, ट्रकवरून, आणि त्या उभ्या माणसाच्या जवळ येऊन थांबलं. त्याला लागलं नाही. हात धुऊनही नखाशी खडूची पांढरी पूड राहिली होती. बाहेर स्कूटर सुरू झाली आणि निघून गेली. मग काकू मोठ्याने म्हणाल्या, आम्हा दोघांपैकी कोणालाही नव्हे,

"अगं बाई, किती लहान आहे हा."