चिडलेल्या नातेवाईकाची भूमिका

माझ्या डॉक्टर असलेल्या धाकट्या बहिणीला इंग्लंडमध्ये मानसोपचाराचं प्रशिक्षण घ्यायचं होतं. जागा मिळणं एका ऑनलाइन मुलाखतीवर अवलंबून होतं आणि ती सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमधून द्यायची होती. अडचण ज्ञानाची नव्हती. ओपीडीतल्या गर्दीत काम करून तिला एक सवय जडली होती. समोरचा चिडला की तिच्या तोंडून आपोआप "बाहेर थांबा" निघायचं. तिकडे हे चालत नाही, असं आधी गेलेल्या मैत्रिणीने बजावलं होतं.

सरावासाठी पेशंटचा चिडलेला नातेवाईक हवा होता. मी बातमी वाचून दाखवल्यासारखा चिडतो, असा शेरा मला मिळाला. आईला लेकीवर खोटं चिडता येईना. खरं येत होतं. आत्या मात्र पहिल्याच दिवशी उत्तम चिडली. ती यजमानांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी करमाळ्याहून आमच्याकडे आली होती.

बहिणीने तिला नियम समजावले. बहिणीने ब्लेझर घातला की सराव सुरू. मग बहीण काहीही म्हणाली तरी आत्याने थांबायचं नाही; चिडलेला माणूस थांबत नसतो.

रोज संध्याकाळी बहीण "बाहेर थांबा" म्हणे आणि आत्या स्वयंपाकघरात येऊन निकाल सांगे, "आज बी हाकललं की मला."

मुलाखतीचा दिवस आत्याला कोणी सांगितला नाही. आमच्या घरात काम होईपर्यंत बोलत नाहीत, दृष्ट लागते. त्या दुपारी आईने बहिणीच्या हातावर दही-साखर ठेवली. आवाज नको म्हणून मी खाली पाण्याची मोटर बंद करायला गेलो. परत आलो तेव्हा खोलीचं दार सताड उघडं होतं. ब्लेझर घातलेली बहीण लॅपटॉपसमोर बसली होती. पडद्यावर दोन डॉक्टर होते, एक बाई आणि एक पुरुष. खोलीच्या मधोमध आत्या उभी होती.

"डॉक्टर कुटं हाय? माज्या माणसाला सकाळपासनं कुनी हात लावला न्हाय!"

बहिणीने टेबलाखालून हाताने जायची खूण केली.

"हात काय हलवती? माशी हाय का मी?"

"आत्या, आज नको."

"कुनाची आत्या? वळख काढून गप बसवती व्हय?"

मी दारातच थांबलो. आत गेलो असतो तर आणखी एक नातेवाईक वाढला असता.

बहिणीने पडद्याकडे पाहिलं, मग आत्याकडे. आता "बाहेर थांबा" येणार, असं मला वाटलं. तिने खुर्ची वळवली, दुसरी पुढे ओढली आणि म्हणाली, "बसा. तुमच्या माणसाला काय होतंय, मला सांगा. मी ऐकते."

आत्या बसली. इतक्या सरावात तिला हे कोणी विचारलं नव्हतं. तिने थोडा विचार केला आणि हळूच विचारलं, "आता म्होरं काय बोलायचं गं?"

तेवढ्यात काळा चष्मा लावलेले आत्याचे यजमान हातात कडक भाकरीचा तुकडा घेऊन आत आले. "काय झालंय मला?"

पडद्यावरच्या बाईंनी काळजीने इंग्रजीत तेच विचारलं. बहिणीने सगळं खरं सांगितलं. पुरुष डॉक्टरांनी आपला माइक बंद केला, पण त्यांचे खांदे हलताना दिसत होते.

मुलाखत संपल्यावर बहीण आत्याशी दोन दिवस बोलली नाही.

"मला सांगाया काय झालं हुतं?" आत्याने आईला विचारलं.

"दृष्ट लागली असती."

"मग आता काय लागलं?"



काही आठवड्यांनी मेल आला. जागा मिळाली होती, समुद्राकाठच्या एका गावात. बहिणीने पहिला फोन करमाळ्याला लावला. आत्याने गावाचं नाव विचारलं नाही.

"तितं तुज्यावर वरडाया कुनी हाय का?" ती म्हणाली. "नसंल तर मी येते."