नावावरचं पाकीट

देवमन तायडे अकोल्यातल्या एका सरकारी कापूस कार्यालयात गणक होता. नेमणूक हंगामी. म्हणजे एकोणनव्वद दिवस नोकरी, एक दिवस खंड, मग पुन्हा एकोणनव्वद. नव्वद दिवस सलग भरले तर माणसाला आपण नोकरीत आहोत असं वाटू लागतं, आणि सरकारला ते परवडत नाही. अशी चार वर्षं झाली होती. त्याचा पाण्याचा गिलास ऑफिसात कुणी वेगळा ठेवला नव्हता. तो आपसूक वेगळा राहत असे.

चौसष्टच्या पावसाळ्यात मुंबईला नवं गणितयंत्र शिकायला एक माणूस पाठवायचा होता. साहेबांच्या घरी नेमकं लग्न निघालं, म्हणून देवमन गेला. तीन आठवड्यांनी परतला तो चौकटीचौकटींच्या कागदांचा गठ्ठा घेऊन. कापसाच्या प्रयोगाच्या वाफ्यांचे आकडे कसे मांडायचे, कशाला कशानं भागायचं, हे सगळे हुकूम एका चौकटीत एक अक्षर असे पेन्सिलीनं लिहायचे, मुंबईला धाडायचे. तिथं पोरी त्याची कार्डं भोकं पाडून तयार करत, आपली पाळी आली की ती यंत्रात जात, आणि चौदा दिवसांनी छापील उत्तर टपालानं येई. पाकीट पातळ असलं तर यंत्रानं पहिल्याच चुकीला हात वर केले. जाड असलं तर काम झालं. देवमन पाकीट फोडायच्या आधी दोन बोटांत धरून बघे.

बाकीचं ऑफिस एक पत्र पाठवलं की उत्तर येईपर्यंत निवांत बसे. देवमनला ते जमत नसे. पहिलं काम मुंबईत चालू असतानाच तो त्याच्या पुढचं लिहायला घेई, पहिलं बरोबरच येणार असं धरून.

"अरे, उत्तर तं येऊ दे," हेडक्लार्क खुशालराव म्हणत.

"वाट पाहाचा पगार भेटते काय, रावसायेब? तिकडं यंत्र चालून राह्यलं, इकडं मी लिवून राह्यलो. चुकलं तं खोडरबर हायच."

"लय शायना झाला, बाप्पा."

या शहाणपणात एक अडचण होती. उत्तरं कार्यालयाच्या नावे येत, आणि आवक टपाल आठ-आठ दिवस खुशालरावांच्या खणात मुरत पडे. देवमननं साहेबांना सांगून मुंबईला कळवलं : पाकिटं माझ्या नावानं रजिस्टर करा. तेव्हापासून पोस्टमन नत्थुजी थेट त्याच्या टेबलाशी येई, सही घेई, खुशालरावांच्या खणावरून पुढं जाई. खुशालराव लक्षात ठेवणाऱ्यांपैकी होते.

पासष्टच्या सुरुवातीला वरून पत्र आलं. तीन हंगामांच्या वाफ्यांचा अहवाल एकतीस मार्चला हातात पडला, तर गणकाची जागा कायम होईल. नाहीतर जागाच बंद. साहेबांनी ते पत्र देवमनला वाचून दाखवलं, मोठ्या उदारपणे. त्यानं सात कामं धाडली, सहा जाड होऊन परतली. सातवं, सगळ्यांचा मेळ घालणारं, एकोणतीसला यायला हवं होतं. आलं नाही. तीसलाही नाही.

आणि एक जानेवारीपासून मोजलेले एकोणनव्वद दिवस तीस मार्चला भरले. एकतीसला खंड.

एरवी खंडाच्या दिवशीही तो येऊन बसे. मस्टरवर नसे इतकंच. पण त्या दिवशी ऑडिटवाले आले होते.

"आज तू आत दिसू नको," खुशालराव दारातच म्हणाले. "खंडातला माणूस टेबलावर कसा, हे त्यायले कोन सांगीन?"

देवमन पोस्टात गेला. खिडकीतला बाबू म्हणाला, ऑफिसच्या पत्त्याचं रजिस्टर खिडकीवर मिळत नाही, पोस्टमन निघाला. तो धावत परत आला तेव्हा नत्थुजी फाटकातून बाहेर पडत होता.

"नत्थुजीभाऊ, माहं पाकीट?"

नत्थुजीनं पिशवीवर हात ठेवला. "आलं होतं. खुशालरावानं लाल शाईनं लिवलं : या नावाचा इसम या कार्यालयात नाही."

"मी हावो ना! तुमी दर खेपीले माही सही घेता!"

"मी वयखतो, बापू. पन शेरा पडला. आता हे परत मुंबईलेच जाते."

"निदान दाखवा तरी."

"ऑडिटवाले खिडकीतून पाहून राह्यले," नत्थुजी हळूच म्हणाला, आणि सायकलवर बसला.

देवमन फाटकातूनच ओरडला. खुशालराव पायरीवर आले, शांतपणे. "नावावरच्या टपालावर मी सही कशी करू? तूच तं नावानं मागोलं होतं. अन् आज मस्टरवर हायेस काय तू? हायेस तं सांग." खोटं एक अक्षरही नव्हतं.

मोर्णा नदी ओलांडून तो जुन्या शहरातल्या खोलीवर आला. त्याची बायको पंचफुला भाकरी थापत होती.

"आलं काय पाकीट?"

"आलं."

"मंग?"

"गेलं."

अहवाल अपूर्ण असा शेरा मारून गेला. एक एप्रिलचा नेमणुकीचा कागद निघालाच नाही. साहेबांनी हळहळ व्यक्त केली, ती लेखी नव्हती. देवमन एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजायला लागला.

मे महिन्यात एका दुपारी नत्थुजी खोलीवर आला, पिशवी रिकामी. त्यानं सांगितलं, मुंबईवाल्यांनी पाकीट पुन्हा पाठवलं होतं, या वेळी हुद्द्यावर. खुशालरावांनी लगेच सही करून घेतलं आणि न फोडता कपाटात टाकलं. वाचणारं कुणी राहिलं नव्हतं.

देवमन म्हणाला, "पातय होतं काय?"

नत्थुजीनं दोन बोटं वर केली, आणि त्यांच्यामध्ये एका भाकरीच्या जाडीएवढी नाही, चांगली तीन भाकरींएवढी जागा ठेवली.

देवमननं ती जागा पाहिली. "चहा टाक वं," तो आत वळून म्हणाला.

पंचफुलानं चूल पेटवायला चौकटीचा एक कागद ओढला. आठव्या कामाचा होता, सातवं बरोबर येणार असं धरून लिहिलेला. त्यानं तिला अडवलं नाही.