कृत्तिकांची मोजणी
कपाट आवरताना वडिलांचं धागे मोजायचं भिंग हाती लागलं आणि गोडादऱ्यातल्या आमच्या घराची गच्ची आठवली. वडील लूमच्या कारखान्यात कापड तपासायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते काम पुन्हा जमेल का, या विचाराने ते दीड महिना घरीच बसून होते. त्या जानेवारीत मी दुर्बीण आणली. संध्याकाळी साडेसातला गुरूचे चारही मोठे चंद्र ओळीत दिसले. मग दुर्बीण कृत्तिकांच्या पुंजाकडे वळवली. नुसत्या डोळ्यांना सहा तारे, दुर्बिणीतून मी चौतीस मोजले. वडील दुर्बिणीवर वाकले आणि धागे मोजताना कापडावर सुई सरकवावी तसं बोट हवेत सरकवत पुटपुटू लागले. आई म्हणाली, "अहो, तो कापडना ताका नही शे." ते मोजतच राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पस्तीस शेतस. परत मोज." मी दोनदा मोजलं. कडेचा एक बारीक तारा माझ्याकडून खरंच सुटला होता. मी ओरडूनच पस्तीस म्हटलं, तेव्हा ते आईला म्हणाले, "सकायले कामवर जावानं शे, डबा भरजो." मी आजही प्रत्येक आकडा दोनदा तपासतो, पण चुकल्याचा इतका आनंद पुन्हा कधी झाला नाही.