झालं काय लिहून?

मारहाणीच्या खटल्यात साक्षीला आला की सरकारी दवाखान्यातला तो कंपाउंडर पिंजऱ्यात शिरण्याआधी चपला बाहेर काढून ठेवायचा. बोलायचा सावकाश, आणि प्रत्येक उत्तरानंतर माझ्या टाइपरायटरकडे वळून विचारायचा, "झालं काय भाऊ लिहून?" मी मान हलवली की मगच पुढचं बोलायचा. वकील वैतागायचे. मला मात्र तो आवडायचा. त्या कोर्टात माझ्या बोटांची काळजी करणारा तेवढाच एक होता.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी किन्हीराजा गावाकडच्या एका मजूर बाईला शेताच्या मालकानं खांद्यावर काठीनं मारलं. हाड मोडलं नव्हतं, त्यामुळे सगळं वीस दिवसांवर आलं. कायद्यानं तेवढे दिवस दुखण्यापायी रोजचं काम झालं नाही, तर जबर दुखापत, नाहीतर साधी.

मालकाच्या वकिलानं कंपाउंडरला विचारलं, "बाराव्या दिवशी ही बाई पट्टी बदलायला आली, ती कुठून?"

"वावरातून, निंदनावरून आलती," तो म्हणाला. "झालं काय भाऊ लिहून?"

मी मान हलवली.

"पन बरी झाली म्हनून नाही गेली, साहेब. घरात खायाले नव्हतं. एका हातानं तन निंदून राह्यली होती."

"विचारलं तेवढंच सांगा," न्यायाधीश म्हणाले, आणि त्यांनी मला हातानं थांबवलं. माझी बोटं कळांवरून उचललेलीच राहिली.

कंपाउंडर नेहमीसारखा माझ्याकडे वळला. "झालं काय भाऊ लिहून?"

मी मान हलवली.