उभ्या ट्रकच्या धडकेची चौकशी

दोन हजार दोन-तीनच्या सुमारास मी नाशिकमध्ये आडगाव नाक्याजवळच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात टायपिस्ट होते. पंधरा-वीस ट्रक, एक गोडाऊन आणि डब्यातल्या पोळीलासुद्धा डिझेलचा वास. तिथे नवे मॅनेजर आले आणि त्यांनी अपघात समिती काढली. ट्रक कुठेही घासला की समितीनं बसायचं आणि एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: हा अपघात ड्रायव्हरला टाळता आला असता का? चूक कोणाची ते पोलीस बघतील, असं साहेब म्हणत. समितीत ते स्वतः, आमचे मेकॅनिक मिस्त्री आणि लिहून घ्यायला मी.

पहिलंच प्रकरण आलं ते कळवणकडच्या एका ड्रायव्हरकाकांचं. इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. विंचूरला कांदा मार्केटबाहेर चढावर रांग लागली होती. त्यांच्या पुढे कांद्यानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, चाकाखाली दगड लावलेला, ट्रॅक्टरवाला चहाला गेलेला. कोणीतरी आपल्या बैलगाडीची खीळ ठोकायला नेमका तोच दगड उचलून नेला. ट्रॉली मागे आली, ट्रकचा हेडलाइट फुटला आणि बॉनेटवर कांद्यांचा ढीग.

"साहेब, म्या उभा व्हतो," काका म्हणाले. "उभ्या मानसानं काय टाळायचं?"

साहेबांचं म्हणणं असं, की पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवावं. मग ती मागे आली तरी आपल्याला सरकायला वेळ मिळतो. काकांना पटेना. मिस्त्री काकांच्या बाजूनं. जेवायची वेळ झाली तरी वाद मिटेना, तेव्हा साहेब म्हणाले, प्रयोग करून बघू.

गोडाऊनला माल चढवण्यासाठी सिमेंटचा उतार होता. त्यावर ऑफिसातली चाकांची खुर्ची ठेवली. वजनानं हलकी म्हणून ट्रॉली मी, खुर्चीत बसलेली. चाकाखाली वीट. साहेब ट्रक झाले: गळ्यात टाय, हातात काकांचा फॉर्म लावलेलं पॅड, माझ्या मागे टेपनं मोजलेल्या अंतरावर उभे. वीट काढायचं काम मिस्त्रींकडे. हमाल काम सोडून पोत्यांवर येऊन बसले. मी ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

मिस्त्रींनी वीट काढली. खुर्ची निघाली. पण तिचं एक चाक वाकडं होतं, त्यामुळे दोन हात जाऊन ती आडवी फिरली आणि भिंतीला टेकून थांबली. साहेबांचं तिकडे लक्षच नव्हतं. वेळ मिळतो हे दाखवायचं असल्यानं ते पॅडवर काहीतरी लिहीत, अगदी सावकाश मागे सरकत राहिले. मागे ट्यूबचं पंक्चर बघायचा पाण्याचा हौद होता. त्यात ते बसले. पॅड तेवढं वर धरलेलं.

मोठ्यानं कोणी हसलं नाही. हमालांनी पोत्यांमागे तोंडं लपवली. काका पुढे झाले, त्यांनी साहेबांना हात दिला आणि अदबीनं विचारलं, "साहेब, ह्यो टाळता आला असता का?"

साहेब हौदातच उभे राहून विचार करू लागले. मला वाटलं, आता काकांची नोकरी गेली.

"आला असता," ते शेवटी म्हणाले. "मी मागे बघितलंच नाही." मग त्यांनी मला आणखी एक फॉर्म आणायला सांगितलं, स्वतःच्या नावाचा.

काकांनी साहेबांना हौदाबाहेर घेतलं. मग हौदाच्या कठड्याला टेकून म्हणाले, "खरं सांगू का साहेब, रांगंत मधी कोनी घुसू नये म्हून म्याच गाडी चिकटवली व्हती."

दोन्ही फॉर्मांवर मी एकच निकाल टाइप केला. वर्षभर अपघात न करणाऱ्या ड्रायव्हरला मिळायचं ते बक्षिसाचं घड्याळ काकांचं त्या वर्षी हुकलं. साहेबांनी आपला फॉर्म स्वतःच्या हातानं बोर्डावर लावला, आणि पुढे ड्रायव्हर लहानसहान ओरखडेसुद्धा आपण होऊन सांगायला येऊ लागले.

त्या दिवशी मात्र साहेबांची पँट वाळेपर्यंत ते काकांची चौकड्याची लुंगी नेसून, वर शर्ट आणि टाय, असे टेबलाशी बसले होते. मालेगावहून एक व्यापारी आला आणि त्यांनाच विचारू लागला, मॅनेजर कुठे भेटतील म्हणून. "मीच," साहेब म्हणाले. व्यापारी माझ्याकडे बघत राहिला. मी मान हलवली, तेव्हा कुठे तो आत येऊन बसला.