सोनोग्राफीच्या रांगेतला एकटा पुरुष

माझ्या पोटात काय झालंय हे कळायच्या आधीच त्याची तपासणी कोणत्या मशीनने करायची, हे मी ठरवून टाकलं होतं.

मारेगावजवळच्या आमच्या शेतात कापसाची वेचणी चालू होती. मी गाठोडं उचललं आणि कंबरेपासून जांघेपर्यंत अशी कळ गेली, की गाठोड्यासकट कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात आडवा झालो. माझी बोंब ऐकून बांधापलीकडच्या वेचणाऱ्या बायाही धावत आल्या. माझी बायको मंदा हिने लगेच रफिकभाईंना फोन लावला. रफिकभाई माझे जुने मित्र. मारेगावात त्यांचं गॅरेज आहे आणि स्वतःची व्हॅन आहे.

"वणीत जाऊन पहिले एक्स-रे काढून टाकू," गाडी चालवता चालवता रफिकभाई म्हणाले.

"एक्स-रे नाही. मले एमआरआय पाहिजे," मी मागच्या सीटवरून कण्हत म्हणालो. "त्यात किरणं नसते. लोहचुंबक असते."

"मंग कमरेचा करदोडा काढून वहिनीजवळ द्या. चांदी हाय, पण जोखीम कायले?"

हे सगळं ज्ञान मला मोबाईलने दिलं होतं. एक्स-रेत किरणं, सीटी स्कॅनमध्ये त्याहून जास्त किरणं, एमआरआय सगळ्यात मोठं आणि म्हणून सगळ्यात चांगलं. (कोणत्या मशीनला काय दिसतं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.)

वणीच्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, इंजेक्शन दिलं आणि मूतखडा असावा म्हणाल्या. इंजेक्शनने कळ ओसरली, तसं माझ्यात वाद घालायचं बळ आलं.

"एमआरआय काहून नाही?"

"काका, मेंदू, मणका, गुडघ्याची गादी यासाठी ते उत्तम. मूतखडा त्यात नीट दिसत नाही. तुमचं हाड मोडलं असतं तर एक्स-रे काढला असता. तुमच्यासाठी आधी सोनोग्राफी. त्यात किरणं नसतात. आपल्याला ऐकू येत नाही असा आवाज आत सोडायचा आणि परत आलेला घ्यायचा."

"आवाजानं दिसते?"

"वटवाघूळ अंधारात उडतंच ना? जा, भरपूर पाणी प्या. लघवीची पिशवी भरली की सांगा."

भरपूर म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जमेल तेवढं प्यायलो आणि सोनोग्राफीच्या रांगेत जाऊन बसलो. रांगेत सगळ्या गरोदर बाया. भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी मोठी पाटी, आणि पाटीच्या बरोबर खाली मी, दोन्ही हातांनी पोट धरून.

शेजारी एक म्हाताऱ्या बाई सुनेला घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं.

"तुमची पेशंट कोठी हाय, भाऊ?"

"मीच हाओ."

त्यांनी एकदा माझं पोट पाहिलं, एकदा पाटी. मग हळूच सुनेला म्हणाल्या, "पाह्य, मानसाईचंही करतेत आता."

रफिकभाई 'गाडी पाहून येतो' म्हणत बाहेर गेले. काचेतून त्यांचे खांदे हलताना दिसत होते.

माझा नंबर आला तेव्हा त्या सुनेला उभं राहवत नव्हतं. मी मोठ्या मनाने तिला आधी जाऊ दिलं. तिच्यामागून आणखी एक गेली. आता माझी पिशवी इतकी भरली होती, की शिंकायचीही भीती वाटू लागली. थोडी सैल करून येऊ, म्हणून मी उठलो. (थोडी सैल करता येते, हा माझा समज त्या दिवशी कायमचा गेला.)

परत आलो आणि लगेच नाव पुकारलं. आतल्या डॉक्टरांनी पोटावर थंडगार जेल लावलं, पडद्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "पिशवी रिकामी आहे. पाणी पिऊन परत या."

सुनेच्या रिपोर्टसाठी थांबलेल्या म्हाताऱ्या बाईंनी सरकून मला जागा करून दिली. आता मी त्यांच्यातलाच झालो होतो.

दुसऱ्या खेपेला तपासणी झाली. किडनीला सूज होती, पण खडा दिसला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तो किडनीखालच्या नळीत अडकला असणार. आतड्यातल्या वायूमुळे तो भाग सोनोग्राफीत दिसत नाही. सीटी करावं लागेल."

"त्यात किरणं जास्त असते ना?"

"असतात. म्हणून तर सकाळी आल्या आल्या लिहून दिलं नाही. पण आता गरज आहे. खड्यासाठी किरणं कमी ठेवूनही करता येतं."

मी मान हलवली. नाही म्हणजे नाही. तेव्हा मंदा पुढे आली.

"कपाशीवर औषध फवारता तवा तोंडाले साधं फडकं बांधत नाही तुमी. मी सांगून सांगून थकली. अन् येथं किरणाईले भेऊन राह्यले? किडनी सुजली हाय तुमची. सडू द्याची काय?"

तिचा आवाज शेवटी फाटला. सकाळपासून मी बादलीभर पाणी प्यायलो होतो आणि तिने घोटभरही घेतलं नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं. मी मुकाट्याने उठलो.

सीटीच्या मशीनवर डोळे घट्ट मिटून पडलो. धडधड, खडखड, काहीतरी भयंकर सुरू होईल म्हणून जीव मुठीत धरला होता. फळी थोडी पुढे गेली, थोडी मागे आली.

"सुरू करा, मी तयार हाओ," मी म्हणालो.

"झालं काका. उठा," बाहेरून आवाज आला.

खडा सापडला. लहान होता, नळीच्या खालच्या टोकाशी होता. ऑपरेशनची गरज नाही, औषधाने आणि पाण्याने पडेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आठवड्याभरात तो पडलाही. मी तो कागदावर ठेवून मोठ्या अभिमानाने मंदाला दाखवायला नेला. तिने आधी चष्मा शोधला, मग खडा शोधला.

"हा?" ती म्हणाली. "मी दोन लेकरं जन्माले घातले, तवा शेजारणीलेही माहीत पडलं नाही. अन् याच्यापायी तुमी दोन वावरं गोळा केले?"

मी कागदाची पुडी केली, खिशात ठेवली आणि तिच्याकडे न पाहता एक पेला पाणी प्यायलो. पाणी भरपूर प्यायला डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं.